फक्कीच्या कड्यातली चार अंडी

घरटं रिकामं होतं.

घरटं कसलं, जमिनीतला नुसता खळगा. सीवूड्सच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर टिटवीने चार अंडी घातली होती. ती दिसल्या दिवसापासून उज्वलाबाईंनी रोज सकाळी तिथे दुर्बीण घेऊन पहारा दिला होता. आज तेविसावा दिवस, आणि चारही गायब. ना कवच, ना सांडलेला बलक. खळग्याभोवती पांढऱ्या पावडरीचं कडं. पलीकडे कुंपणाशी टिटवी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर झेपावत कोकलत होती.

पिलं निघायला बाईंच्या हिशेबाने अजून पाच दिवस होते. म्हणजे घातपात!

तेवढ्यात त्यांना मोबाइलवर सोसायटीच्या माळ्याचा, गोटीरामचा, काल संध्याकाळचा आवाजी निरोप दिसला.

“बाई, टिटवीच्या आंड्यांची खून केली हाय मी. उंद्या गवत कापनार हायेत, म्हनून.”

बाई तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. ‘केली’ ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली. याला खून धड कबूलही करता येत नाही! त्यांनी निरोप पक्षीप्रेमींच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं : कबुली.

तासाभरात सगळी सोसायटी पेटली. सेक्रेटरी यशराजने गोटीरामकडून गेटची किल्ली काढून घेतली. वीस वर्षं तो तिथे माळी होता. ऑफिसात त्याला उभा केला आणि बाईंनी उलटतपासणी सुरू केली.

“गवत तुम्हीच कापणार होता?”

“मी नाय. बाहेरची मानसं मशीन घेऊन येनार व्हती.”

“अंडी आड येत होती?”

“येत व्हती. म्हनून तर खून केली.”

“बघा, तोंडावर सांगतोय!” यशराज उसळला. “पोलिसांना फोन लावू?”

“थांबा. गोटीराम, ती पांढरी पावडर कसली? विष?”

“नाय वो बाई. फक्की. ग्राउंडवर मारतात ना, ती. खुनेची.”

बाईंनी मोबाइल हातात घेतला.

खुनेची. खुनाची नव्हे.

त्यांनी निरोप पुन्हा लावला. ‘आंड्यांची खून केली.’ लाजेने त्यांचे कान तापले.

“गोटीराम, अंडी तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलीत?”

“तुमी बगितली त्याच्या आठवडाभर आदी.”

बाई उठल्या. “चला सगळे प्लॉटवर.”

कुंपणाशी टिटवी पुन्हा अंगावर आली. बाईंनी सगळ्यांना लांबच थांबवलं आणि दुर्बीण यशराजच्या हातात दिली. कुंपणाजवळच्या गवतात चार ठिपकेदार पिलं तुरुतुरु पळत होती.

“अंड्यांना आज तीस दिवस झाले, तेवीस नव्हेत. टिटवीची पिलं निघाल्या दिवशीच चालायला लागतात. कवचं आईबाप लांब नेऊन टाकतात. आणि ही कुंपणाशी का ओरडतेय, हे मी सकाळीच विचारायला हवं होतं.”

“मग ती कबुली?”

“यांच्या बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. खून केला जातो. केली जाते ती खूण. मशीनवाल्यांना अंडी दिसावीत म्हणून यांनी फक्कीचं कडं काढलं. व्याकरण यांचं बरोबर होतं. मी त्यांना अडाणी समजले.”

“मग गुन्हेगार कोण?”

“मी.”

तिथेच उभं राहून बाईंनी ग्रुपवर लिहिलं : गोटीराम निर्दोष आहेत. गुन्हेगार सापडला : उज्वला. ते लिहूनही हलकं वाटेना.

यशराजने किल्ली पुढे केली. गोटीरामने ती मुकाट्याने खिशात टाकली.

“मला माफ करा,” बाई म्हणाल्या.

प्लॉटच्या कडेला कालपासून ठेवलेला फक्कीचा डबा उचलून गोटीराम कुंपणापर्यंत गेला, पिलांच्या गवताशी थांबला. मग जीभ सावरत, एकेक अक्षर जपून, त्याने विचारलं,

“बाई, इथं पण... खूण... करू?”

‘ण’ अगदी शुद्ध होता. बाईंना मान वर करता येईना.