चार वाजता येणारा आवाज

"दादा, कॉम्प्युटर जळला. गोविंदाभाऊचा आवाज त्यातच होता." फोनवर मैत्रेयी रडत होती. "उद्या अकराले तहसीलात सुनावनी हाय. कसंही करा, पन आत्ता या."

संघदीपनं शटर ओढलं. पांढरकवड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीची दुकानं तीन, पण जुनं यंत्र पाहून नाक न मुरडणारं त्याचं एकच. लागलं तर असावं म्हणून एक चालू यंत्र त्यानं मोटारसायकलला दोरीनं बांधलं आणि केळापूर गाठलं.

गोविंदाला जाऊन महिना झाला होता. त्या वर्षी बोंडअळीनं कपाशीचा पिच्छा सोडला नव्हता, आणि फवारणी करणाऱ्यांचाही. सदाशिवरावांच्या शेतात फवारताना औषध अंगात भिनून तो कोसळला आणि काही दिवसांनी गेला, असं घरचे म्हणत. सदाशिवराव म्हणत, तो त्या दिवशी माझ्या वावरात आलाच नव्हता. मरण्याच्या दोन दिवस आधी गोविंदा धापा टाकत गावच्या वाचनालयात आला आणि वाचनालय चालवणाऱ्या मैत्रेयीनं त्याचं बोलणं कॉम्प्युटरवर भरून घेतलं. उद्याच्या सुनावणीत साक्ष म्हणून होतं ते एवढंच.

वाचनालयासमोर निम्मं गाव जमलं होतं. रोज दुपारी बाराला लाइन, म्हणजे वीज, जायची, चारला यायची. आणि चारच्या ठोक्याला, कुलूपबंद खोलीतून, मेलेल्या गोविंदाचा आवाज यायचा. बाया तेवढ्या वेळापुरतं त्या गल्लीनं पाणी आणत नसत. आज आवाज आला नाही. धूर आला.

आत, जळक्या वासात, गोविंदाची बायको रुखमाबाई यंत्रासमोर बसली होती.

"चार वाजून गेले," ती म्हणाली. "आज बोलले नाही."

स्पीकरमधून बारीक घरघर येत होती, कोणी झोपेत श्वास घ्यावा तशी. स्पीकरची वीज वेगळी असते, हे संघदीपला पक्कं ठाऊक होतं. तरी त्यानं तो घाईनं बंद केला.

"हे आपोआप कसं बोलत होतं?" त्यानं मैत्रेयीला विचारलं.

"रुखमाकाकूले माउस धरता येत नाही. म्हनून मशीन सुरू झालं का आवाज लागंल, असं करून ठेवलं. याचं बटन एकदा दाबलं का दबलेलंच राहते. लाइन आली का मशीन सुरू."

"गावाला सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. त्यायले भूत जास्त पटलं."

"आवाजाची दुसरी प्रत?"

"सीडी उद्या सकाळी तुमच्याकडूनच करून घेनार होती." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "आज दिवसभर तहसीलात कागदं घेऊन बसली होती. चारले आली, तर हे."

संघदीपनं पेटीचे चारही स्क्रू सोडवले. ते नीट, घट्ट आवळलेले होते. आतली हार्ड डिस्क जागेवर होती. बोर्डाचा एक कोपरा मात्र कोळसा झाला होता.

तो खाली वाकला. अशा जुन्या यंत्रात बोर्डाला वीज दोन वेगळ्या प्लगांतून जाते. दोन्ही दिसायला जुळे भाऊ. ते शेजारीशेजारी बसवायचे आणि दोघांच्या काळ्या तारा मधोमध, एकमेकींना खेटून आल्या पाहिजेत. इथं काळ्या तारा दोन टोकांना गेल्या होत्या आणि मध्ये लाल आल्या होत्या.

भूत काही करो, प्लगांची अदलाबदल करत नाही.

बाहेर एकदम गलका झाला. लोकांनी घनश्यामला घेरलं होतं. वाचनालयाची झाडलोट त्याच्याकडे, किल्ली त्याच्याकडे, आणि हात वायरमनचे. त्यात दुपारभर तो सदाशिवरावांच्या विहिरीवर मोटर दुरुस्त करत होता. गावानं दोन अधिक दोन केव्हाच चार केले होते. कोणी तरी त्याची कॉलर धरली.

"सोडा त्याले," संघदीप मध्ये पडला. "भाऊ, खोली कधी बंद केली?"

"बाराले लाइन गेली तवा. किल्ली चौकटीवर ठेवली. अख्ख्या गावाले मालूम हाय. मंग जो विहिरीवर गेलो, तो धूर दिसल्यावरच आलो."

"सोबत कोण होतं?"

"मी होतो." गर्दीतून सदाशिवराव पुढे आले. पांढरं धोतर, शांत चेहरा. "आनि मिस्त्री, माया मनात असतं तर मी वायरमन कायले धाडला असता? कुऱ्हाड घातली असती त्या डबड्यात."

संघदीप घनश्यामकडे वळला. घनश्यामच्या पिशवीतून मोटरचा स्टार्टर डोकावत होता. त्याच्या प्रत्येक तारेला रंगीत दोरा बांधलेला होता.

"हे दोरे?"

"तार सोडाच्या आधी बांधतो जी. नाहीतर कोनती कुठची, मंग समजत नाही. बापाची शिकवन हाय, अजून एकदाबी मोडली नाही."

संघदीप आत आला. आईजवळ गोविंदाची मुलगी पायल उभी होती. पांढरकवड्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जाणारी गावातली ती पहिली मुलगी. संघदीपनं तिला सहज विचारावं तसं विचारलं, "क्लासात मशीन उघडाले शिकवतात?"

"हो. पन तिथं सगळे नवीन हायत. बोर्डाले मोठा एकच प्लग. उलटा लावतो म्हटलं तरी जात नाही."

"दुपारी कुठं होतीस?"

"घरीच."

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. आईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

संघदीपला तिथून निघून जावंसं वाटलं. भूत म्हणून टाकावं, गाव मान्य करेल. पण घनश्यामची कॉलर फाटली होती आणि ती धरणारे अजून दारातच होते.

"ऐका," तो म्हणाला. "मशीन चारला जळलं, पण ज्यानं हात लावला तो चारच्या आधीच येऊन गेला. लाइन नव्हती तेव्हा. त्यानं दोन प्लग काढले, पुन्हा लावले, पण जागा बदलून. चारला लाइन आली, बटण दबलेलंच होतं. खोलीत कोणी नसताना बोर्ड जळाला."

"मंग घनश्यामच!" कोणी तरी ओरडलं.

"घनश्यामभाऊ दोरा बांधल्याशिवाय तार सोडत नाहीत. आणि सदाशिवरावांनी स्वतःच सांगितलं, त्यांनी कुऱ्हाड घातली असती. ज्याला आवाज संपवायचा आहे, तो डिस्क नेतो, नाही तर फोडतो. इथं डिस्क जागेवर आहे. प्लग परत लावलेत, स्क्रू आवळलेत. म्हणजे त्या माणसाला मशीन उद्या चालू हवं होतं. आधी ते बोलायला नको होतं, म्हणून प्लग काढले; मग मन बदललं, म्हणून परत लावले. त्याला मशीन उघडता येतं, पण जुन्या मशीनशी कधी गाठ पडलेली नाही. जो प्लग बसतो तो बरोबरच बसतो, असं त्याला वाटतं. कारण तो जिथं शिकला, तिथं चुकीचा प्लग जातच नाही."

त्यानं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही. पायल भिंतीला टेकून खाली बसली.

"मीच केलं," ती म्हणाली. "माय दिवसभर चार वाजाची वाट पायते. जेवत नाही, कापूस वेचाले जात नाही. मेलेल्या मानसासोबत बोलून राह्यली ती! स्पीकरची वायर मी दोनदा काढली, तिनं दोनदा लावली. म्हनून आज आतून प्लगच काढले. घरी गेली, अन् सुनावनी आठवली. चारच्या आत परत लावाले धावली. घाईत कोनता कुठं होता, ध्यानातच नाही राह्यलं. बसले, म्हनून वाटलं बरोबर हायत. माया बापाले मीच दुसऱ्यांदा मारलं."

ज्याच्या हातात घनश्यामची कॉलर आली होती, तो मान खाली घालून त्याच्या सदऱ्याची घडी नीट करू लागला. सदाशिवरावांनी मात्र चपला सरळ केल्या. "चला, म्हनजे विषय संपला."

"थांबा," संघदीप म्हणाला. "प्लग उलटे बसले की बोर्ड मरतो. डिस्कला वीज जाते ती तिच्या स्वतःच्या तारेनं. ती तार कोणी हलवलेली नाही."

त्यानं गाडीवरचं यंत्र आत आणलं. जळक्या पेटीतली डिस्क काढली, त्यात जोडली. पडदा उजळला. मैत्रेयीनं फाइल शोधली.

आधी धाप ऐकू आली. मग गोविंदा बोलला.

"मी गोविंदा. सोमवारी सदाशिवरावच्या वावरात फवारलं. दोन औषधं एकत्र कालवाले लावलं. मी म्हटलं, डोयाची आग होते. ते विहिरीवर उभे होते. म्हने, वारं पडलं हाय, दोन टाक्या अजून मार..."

दारातली माणसं न सांगता बाजूला सरली होती. सदाशिवराव एकटेच उभे राहिले, सगळ्यांच्या नजरेसमोर. मग ते पायऱ्या उतरून गेले. चपला तिथंच राहिल्या.

पायल कानांवर हात ठेवून बसली होती. रुखमाबाईनं तिचे हात हळूच काढले आणि आपल्या मांडीवर घेतले. आवाज शेवटपर्यंत चालू दिला.

"मैत्रेयी," मग ती म्हणाली, "उद्या साहेबापुढं एकदा लाव. त्याच्यानंतर नोको लावू, बाई. लय थकले हायत ते."