उरलेलीची जोडी

शाळेच्या सभागृहाचे पडदे इस्त्री करून पोचवायचे, एवढंच काम होतं. दुपार कलली तशी इस्त्रीवाली पडद्यांचा गठ्ठा खांद्यावर टाकून शाळेत शिरली. या फाटकातून आत जायचं ती होता होईतो टाळायची. वर्ष होत आलं, तिची मुलगी याच फाटकातून घरी यायला निघाली होती. ती घरी आलीच नाही.

तुम्हाला हे ठाऊक नसेल. कसं असणार? छापून आलं तर कळणार ना! इस्त्रीवालीनं गावातल्या मोठ्या दैनिकाच्या कचेरीत इतके हेलपाटे घातले, की तिथला शिपाई तिला न विचारता पाणी आणून द्यायचा. बातमीदार मात्र दर वेळी तेच ऐकवायचा.

"ताई, पोलीस म्हणतात पळून गेली असेल. यात नवीन काय आहे? नवीन काही कळलं तर या."

मग डॉक्टरांची मुलगी एक रात्र घरी आली नाही. रुसून मैत्रिणीकडे जाऊन बसली होती हो, दुसरं काही नाही! पण पहिल्या पानावर केवढा मोठा फोटो, हातात व्हायोलिन धरलेला. सापडली तेव्हा पुन्हा फोटो. त्या दिवशी इस्त्रीवालीनं कुणाचा तरी चांगला शर्ट जाळला आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या मुकाट्यानं ऐकून घेतल्या.

त्यानंतर शाळेत मोठ्या बाईंनी नियम काढला. सुटल्यावर प्रत्येक मुलीनं कुणाचा तरी हात धरूनच बाहेर पडायचं. पूर्वी नववी-दहावीच्या मुली असं चालल्या असत्या तर पोरांनी हसून हसून बेजार केलं असतं. दप्तर एका खांद्यावर टाकून एकटीनं निघायचं, यातच तेव्हा ऐट होती. आता सगळं उलटं झालं. जिला जोडी नाही तिला 'उरलेली' म्हणून चिडवायचे, आणि आपण उरू नये म्हणून मुली मधल्या सुट्टीपासूनच एकमेकींचे हात राखून ठेवायच्या. माझ्या पोरीसाठी हा नियम कुणाला सुचला नाही, एवढंच इस्त्रीवालीच्या मनात यायचं, आणि ते तिला फार लागायचं.

पडदे तपासून घ्यायला दहावीच्या वर्गशिक्षिका आल्या.

"आमच्या वर्गात मुलींची जोडी जुळत नाही बघा," त्या सहज बोलून गेल्या. "तुमची... म्हणजे, तेव्हापासून एक जास्तच राहते. जी उरेल तिला मी सोडायला जायचं ठरलं होतं. पण अजून एकदाही जावं लागलं नाही. रखवालदार म्हणतो, फाटकावर जोड्या पुऱ्या होतात."

"पुऱ्या कशा होतील, बाई?"

बाईंनी नीट घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"मी विचारलं नाही," त्या म्हणाल्या.

घंटा झाली. इस्त्रीवाली फाटकाबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. धुकं उतरत होतं, रस्त्यावरचे दिवे नुकते लागले होते. मुली दोघी-दोघी बाहेर पडल्या, खिदळत, एकमेकींना ढकलत. सगळ्यांच्या शेवटी चष्मिश आली. ही बदली होऊन गेलेल्या एका मुलीच्या जागी या वर्षीच दहावीत आलेली, अंगानं काडी, जाड भिंगांचा चष्मा लावणारी मुलगी. ती एकटीच होती. पण रखवालदारानं मान डोलावली आणि फाटक ओढून घेतलं.

चष्मिश रस्त्याच्या कडेकडेनं चालत होती. शेजारी एका माणसापुरती जागा सोडली होती तिनं. डावा हात अंगापासून जरा लांब, आणि बोटं मिटलेली.

इस्त्रीवालीनं पुढे होऊन पोरीला गाठलं.

"बाळा, एकटी कशी गं?"

"एकटी नाहीये, काकू." पोरीचा आवाज अगदी बारीक झाला. "जी उरते ना, तिच्याबरोबर ही येते... आधी सगळ्या घाबरायच्या. आता सवय झाली."

"ही कोण?"

"नाव नाही सांगत. हात गार असतो. कपड्यांना खळीचा वास येतो, तुमच्यासारखा... आणि ओल्या कागदाचा."

इस्त्रीवालीला रडावं की त्या रिकाम्या जागेला मिठी मारावी, कळेना. "माझी आहे गं ती," एवढंच तिच्या तोंडून निघालं. "कुठपर्यंत येते?"

"गोदामापर्यंत. तिथं हात सोडते. म्हणते, आता पळ. मागे बघू नकोस."

दोघी चालू लागल्या. दोघीच म्हणायचं. दुकानं मागे पडली, दिवे विरळ झाले. पायांचा आवाज मात्र तिघींचा येत होता. एक चप्पल घासत होती, डाव्या पायाची. तिचा अंगठा तुटला होता आणि इस्त्रीवालीनं तो स्वतः दोऱ्यानं शिवून दिला होता.

वळणावर ते लांबलचक गोदाम आलं. दैनिकाचे न खपलेले अंक परत येऊन इथं पडायचे. शटरखालून कुबट, ओलसर वास येत होता. चष्मिश थांबली. तिची बोटं उघडली, आणि ती जिवाच्या आकांतानं पळत सुटली.

इस्त्रीवाली जागची हलली नाही. तिनं आपला हात पुढे केला.

"ये गं... मी आहे."

बर्फासारखा गार तळवा तिच्या हातात आला. तिनं बोटांनी चाचपून पाहिलं. अंगठ्याच्या खाली इस्त्रीचा चटका लागून झालेला गुळगुळीत चट्टा होता. पोर सात वर्षांची असताना लागला होता तो. त्या हातानं तिला शटरकडे ओढलं, एकदाच, आणि सोडून दिलं.

त्यानंतर इस्त्रीवालीनं शटरवर जे हात आपटले, त्या आवाजानं सारी वस्ती गोळा झाली. पोलीस आले. बातमीदारही आला, कारण तिनं त्याला फोनवर ओरडून सांगितलं होतं, "नवीन आहे, या!" कुलूप तोडलं. आत छतापर्यंत गठ्ठे रचलेले, पुढच्या सगळ्यांवर डॉक्टरांची मुलगी व्हायोलिन घेऊन हसत होती. ते गठ्ठे हलवल्यावर मागे दप्तर सापडलं. मग ती सापडली. तिला तिथं कुणी नेलं, ते आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात एक ओळही नव्हती. बातमीदारानं खाली मान घालून सांगितलं, "गोदाम आमचंच ना, ताई..."

मुलीला निरोप देऊन झाल्यावर इस्त्रीवाली दिवसभर मेल्यासारखी झोपली. निदान सापडली, आता कुणाची वाट पाहायची नाही, असं मनाला समजावत तिनं पुन्हा दुकान उघडलं. संध्याकाळी चष्मिश दारात येऊन उभी राहिली.

"काकू, ती आता येत नाही."

"नाही येणार, बाळा. सुटली ती."

"पण..." पोरगी दाराला चिकटून उभी होती. "आजही जोडी पुरी झाली. कुणीतरी दुसरीच आहे. तिच्या गणवेशाची बाही हाताला वेगळीच लागते, आपल्या शाळेची नाहीये. आणि ती गोदामापाशी थांबली नाही... पुढे चल म्हणत होती. मी हात सोडवून पळाले."

इस्त्रीवालीनं गरम इस्त्री उभी करून ठेवली आणि बातमीदाराला फोन लावला. कुणाची मुलगी हरवली आहे का, म्हणून विचारलं.

"आमच्याकडे तशी काही बातमी नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून, "ताई, तुमचं झालं ना आता?"

तिनं फोन ठेवला. दुकान तसंच उघडं टाकून ती रस्त्यावर आली. धुक्यात समोरचा दिवाही धड दिसत नव्हता. कुणाच्या पोटची पोर, कुठली, कोण शोधतंय तिला? कुणीच नसेल शोधत. तिनं डावा हात अंगापासून लांब धरला आणि उभी राहिली.

हातात हात आला आणि जोरात ओढू लागला. इस्त्रीवालीनं तो घट्ट धरला, आणि बोटांनी पुन्हा चाचपून पाहिला.

हा हात गार नव्हता. अजून कोमट होता.