हिरव्या छतावरचं बाकडं

वरच्या मजल्यावरचा एसी गळायला लागला आणि त्याचं टेबल तात्पुरतं तिच्या शेजारी आलं. ती गेममधल्या शहरांसाठी इमारती रचायची आणि तो त्या तपासून त्यांच्यात खोट काढायचा, कामच होतं ते त्याचं. सगळं ऑफिस त्याला विघ्नसंतोषी म्हणायचं. तोही बिचारा त्या नावाला ओ द्यायचा.

तिच्या स्क्रीनवर तेव्हा शहराची शान ठरणारं वाचनालय उभं राहत होतं. उतरत्या छतावर लोळावंसं वाटेल अशी हिरवळ, कडेला एक झाड, झाडाखाली बाकडं.

"एक सांगू? राग येईल तुम्हाला," तो म्हणाला.

"आलाच आहे. बोला."

"तुमच्या छतावर माणसं चढतात... उतरत नाहीत."

तिने पाहिलं. जिना तिने फक्त चढायचाच केला होता. दुकानं ओस, रस्ते ओस आणि अख्खं शहर छतावर दाटीवाटीने बसलेलं. तिला हसू आवरेना.

"उतरावंसं वाटत नसेल त्यांना."

"मलाही वाटलं नसतं," तो म्हणाला — आणि उगाचच कीबोर्ड पुसायला लागला.

जिना सुधारता सुधारता अहो-जाहोचं अरे-तुरे झालं. एसी केव्हाच दुरुस्त झाला होता, टेबल मात्र हललं नाही. मग त्याला दूरच्या शहरात नोकरी लागली. शेवटच्या संध्याकाळी स्क्रीनवरची नजर न काढता त्याने विचारलं, "सगळे उतरतात आता. दोघांना... राहू देऊ वर?"

तिला सगळं कळलं. पण तोंडातून निघालं, "कामात चेष्टा नको रे."

"बरं," म्हणून तो गेला. ते 'बरं' तिला कित्येक वर्षं छळत राहिलं.

एका रविवारी भाची तो जुना गेम घेऊन तिला खेटून बसली.

"मावशी, हे दोघं खालीच येत नाहीत गं. सगळे घरी गेले तरी."

बाकड्यावर पिवळा स्वेटर होता, तिच्या अंगात रोज असायचा तसाच. शेजारी चौकड्यांचा शर्ट, त्याचा नेहमीचा. तिला रडू आलं, आणि स्वतःचा रागही.

"बिघडलंय का?"

"नाही गं. मीच बघितलं नव्हतं."

तिने फोन लावला. त्याचा नंबर तोच होता. कशी आहेस, कसा आहेस असलं काही झालं नाही.

"ते दोघं अजून वरच आहेत," ती म्हणाली.



"उतरवू नकोस," तो म्हणाला. "मी येतोय."