मागचं पायदान

ही घटना खरी आहे.

वालूरच्या नागनाथ मास्तरांच्या घरी घडलेली. नागनाथ खोटं बोलत नाही. त्यात तत्त्व वगैरे काही नाही. खोटं बोलायला जी उमेद लागते, ती त्याच्यात उरलेली नाही. चोवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून आणि पोरांची तीच ती माहिती दर महिन्याला नव्या ॲपवर भरून माणसाची कल्पनाशक्ती जिथं जाते, तिथं त्याची गेली आहे.

अशा गोष्टींना रात्र लागते म्हणतात. इथं तसलं काही नाही.

गेल्या वर्षीचा एप्रिल. शनिवार. दुपारचे साडेतीन.

ऊन असं, की कुत्र्यांनीसुद्धा भुंकणं संध्याकाळवर टाकलं होतं.

पण सुरुवात महिनाभर आधी झाली होती.

नागनाथचा मामा तात्याराव. वय अठ्ठ्याहत्तर. मूलबाळ नाही, मामी सुलाबाई तेवीस वर्षांपूर्वी देवगाव फाट्यावर अपघातात गेली. थकल्यावर मामाला नागनाथनं वालूरला आणलं. मामासोबत आली एक पत्र्याची पेटी, एक बाज, आणि ट्रॉलीत आडवी घातलेली एक राजदूत मोटारसायकल.

तेवीस वर्षं ती मामाच्या शेतातल्या आखाड्यावर कडब्याच्या गंजीआड उभी होती. टाकीत गंज, हेडलाइटमध्ये चिमणीचं घरटं, पिस्टन जाम.

"मामा, ही मी चालू करू का?" नागनाथनं विचारलं.

त्याला पान्हा धरायची सवय नव्हती. पण त्याच्या आयुष्यात एकही काम पुरं झालं नव्हतं. पीएच.डी. अर्धी, गच्चीचा जिना अर्धा, बायकोला, सविताला, एकदा माहूरला नेतो म्हणाला होता तेही अर्ध्यावर, हिंगोलीहूनच परत. निदान एक गाडी तरी चालू करायची, आणि तिला मागं बसवून सेलूला न्यायची. एवढंच. माणूस थकला की त्याची स्वप्नं अशी तालुक्याच्या आत येतात.

मामानं मागच्या सीटवरून हात फिरवला.

"कर. पर मागं कुणाला बसवू नको."

नागनाथला वाटलं, इंजिनात दम नसेल.

उन्हाळ्यात शाळा सकाळची. दुपारी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये नागनाथ, मोबाइलवरचे व्हिडिओ आणि राजदूत. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून पंधरा दिवस ठेवलं, तेव्हा पिस्टन सुटला. कार्बोरेटर उघडला, जुन्या टूथब्रशनं घासला, जोडला. तीन स्क्रू उरले. पुन्हा उघडला. या वेळी दोनच उरले.

"प्रगती हाय," सविता म्हणाली.

एके दिवशी तो खाली बसून चेन घासत होता. मागून आवाज आला…

टक… टक.

लोखंडावर धातू वाजावा तसा. सविताची जोडवी असतील म्हणून त्यानं न बघताच चहा मागितला.

चहा आला नाही.

मागं कुणीच नव्हतं.

पत्रा, त्यानं ठरवलं. उष्णतेनं धातू प्रसरण पावतात. सातवीच्या पोरांना तो दर वर्षी हेच सांगतो.

दुसऱ्या दिवशी आभाळ आलं होतं. पत्रा गार होता.

टक… टक.

मग त्याला पायदान दिसलं. मागं बसणाऱ्याचं, डाव्या बाजूचं. काम झालं की ते तो दुमडून ठेवायचा, कारण येता-जाता नडगीला लागायचं.

ते खाली होतं.

त्यानं दुमडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. त्यानं स्प्रिंग बदलली, सुतळीनं बांधलं.

सुतळी जमिनीवर पडलेली. गाठ तशीच.

नागनाथनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे पुन्हा समजावायचं, आणि समजावायचं काम तो दिवसातून सात तास करतोच.

त्याच आठवड्यात मामानं स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन सविताला भलतंच विचारलं.

"सविता, तू नागनाथला नाव घेऊन हाक मारतीस का?"

सविता हसली. "न्हाई बा. अहो म्हणते. तुमच्यासमोर नाव घेऊ का आता?"

"सवय कर," मामा म्हणाला आणि बाजेवर जाऊन पडला.

म्हातारपण, दोघांनाही वाटलं.

…आणि तो शनिवार आला.

गावातल्या भागवत मिस्त्रीनं सकाळी प्लगची ठिणगी बघितली होती. "सर, आता हिला चालू न व्हायला काईच कारण न्हाई," असं म्हणाला आणि गेला.

दुपारी नागनाथनं ऑइल कालवलेलं पेट्रोल भरलं. गाडी शेडबाहेर काढली. सविता ठेवणीतली साडी नेसून उंबऱ्यात आली. एकवीस किका झाल्या. बनियन पिळून निघालं.

बाविसाव्या किकला राजदूत चालू झाली.

निळा धूर. दणदण आवाज. गल्लीतल्या कोंबड्या पळाल्या. नागनाथचे डोळे भरून आले, धुरामुळं असेल.

"चल, बस," तो पुढं बघतच म्हणाला. मामाची अट त्याच्या लक्षातही नव्हती.

मागं सीट दबली.

गाडी थोडी डावीकडं कलली, बाई एका अंगाला बसली की कलते तशी.

टक… टक.

त्यानं क्लच सोडला.

गल्ली संपली. मोठ्या रस्त्याला लागायच्या आत तो म्हणाला, "ऊन लय हाय नाही?"

"हं…" मागून आलं.

अगदी कानाजवळ.

आणि त्याच क्षणी दुरून, गल्लीच्या त्या टोकाकडून, कुणीतरी गळा फाडून ओरडलं.

"नागनाथ! ओ नागनाथ!"

सविताचा आवाज.

दूरवरून.

त्यानं ब्रेक दाबला. मागं वळला. सीटवर कुणीच नव्हतं. सविता धापा टाकत येत होती, एका पायात चप्पल, एक हातात. ती थबकली, आणि तिच्या पुढ्यातून, आडव्या बोळातून, मुरुमाची ट्रॉली धाडधाड निघून गेली. चार पावलांच्या अंतरानं.

"मी चप्पल घालायले होते," सविता म्हणाली. "तुमी तसेच निघाले. मागं कुणी बसल्यासारखं कुणाशी बोलायले होते?"

नागनाथनं खाली बघितलं.

पायदान खाली होतं. मागची स्प्रिंग दबलेली होती.

अजूनही.

तो गाडी तशीच चालू ठेवून घरी आला. मामा बाजेवर उठून बसला होता.

"बंद करू नको," मामा म्हणाला. "बंद केली की ते हितंच ऱ्हातं."

मग मामानं तेवीस वर्षांत कुणाला न सांगितलेलं सांगितलं. इंजिनाच्या आवाजात, सपाट, पीकपाण्याचं सांगावं तसं.

मामी चार माणसांत मामाशी बोलायची नाही. तेव्हाची रीतच तशी. ती गाडीवर बसली की जोडवी पायदानावर दोनदा वाजवायची. टकटक. म्हणजे बसले, चला. मामा मागं बघायचा नाही.

"त्या दिशी फाट्यावर बी टकटक झालं. सीट दबली. मी निघालो. सेलू दिसूस्तोवर बोलत होतो मी तिच्याशी. ती हं, हं करायलती."

मामानं पाय बाजेखाली सोडले.

"सेलूत वळून बघितलं. कुणी न्हाई. हिकडं ती फाट्यावर माझ्या मागं पळायलती. थांब्यावर सगळी भावकी उभी. हाक मारली असती तर मला ऐकू आली असती रे. पर चार माणसांत नवऱ्याला हाक कशी मारावी म्हणून नुस्तीच पळाली. मागून जीप आली."



"मग मामा…" नागनाथनं विचारलं, "तुमच्या मागं बसलं होतं कोण?"

"तेवीस वर्षं तेच इचारायलो मी," मामा म्हणाला. "जिथून बसलं तिथं नेऊन उतरव. माझ्यानं झालं न्हाई."

"मी येते संग," सविता म्हणाली.

"मागं जागा न्हाई," मामा म्हणाला.

नागनाथ गेला. कसा गेला हे तो नीट सांगत नाही. गाडी डावीकडं कलत होती, हँडल सरळ धरून मनगटं दुखली, एवढंच सांगतो. तो एक शब्द बोलला नाही.

पण सेलू ओलांडल्यावर मागून आवाज आला…

"हं?"

त्यानं काही विचारलं नव्हतं.

देवगाव फाट्यावर थांबल्याबरोबर मागची स्प्रिंग कुरकुरत वर आली. इंजिन आपोआप बंद पडलं. नंतर साठ किका मारल्या, गाडी हूं की चूं नाही. त्यानं ती पंक्चरवाल्याच्या टपरीमागं उभी केली आणि एसटीनं घरी आला. ती आजही तिथंच असेल. तो बघायला गेला नाही.

त्या संध्याकाळी मामा खूप दिवसांनी दोन भाकरी जेवला. जूनमध्ये झोपेतच गेला.

आता नागनाथकडं स्कूटी आहे. बटण दाबलं की चालू. निघण्याआधी तो हात मागं नेऊन सविताचा गुडघा चाचपतो. वालूरमध्ये यावरून बरेच विनोद आहेत. सविता त्याला चारचौघांत नावानं हाक मारते, त्यावरूनही आहेत. दोघांनाही त्याचं काही वाटत नाही.

गोष्ट इथं संपायला हवी होती.

मागच्या गुरुवारी दोघं सेलूच्या बाजारात होते. सविता रस्त्यापलीकडं कोथिंबीर घेत होती. नागनाथ चालू स्कूटीवर बसून वाट बघत होता.

सीट दबली.

स्कूटीला मागं बसणाऱ्याचं पायदान प्लास्टिकचं आहे. त्यावर जोडवी वाजत नाहीत. हे त्यानं घेतानाच, दुकानात, सविताचा पाय ठेवून तपासलं होतं.

टक… टक.

लोखंडावर.

पलीकडं सविता कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करत होती.

नागनाथनं स्कूटी बंद केली. आरशात बघितलं नाही. तिथंच उन्हात बसून राहिला, सविता येऊन समोर उभी राहीपर्यंत.

"चला की," ती म्हणाली.

"चालत जाऊ," नागनाथ म्हणाला.

सेलूहून वालूर चालत जायचं अंतर नाही. सविता त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं काही न विचारता पिशवी दुसऱ्या हातात घेतली.