एक बोल्ट राहिलाय

पद्मराजची आणि माझी गाठ पडली ती एका रोबोच्या खांद्यापाशी. मच्छेच्या आमच्या कारखान्यात रोबोचे हात तयार होतात आणि ते जोडायचं काम माझं. बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा, वर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, म्हणजे तो झाला. मग तपासणीवाला येऊन रेघा बघतो. त्या दिवशी आलेला तपासणीवाला नवा होता, निपाणीचा. तोच पद्मराज.

"स्वरूपा कोण?" त्याने विचारलं. "एक बोल्ट राहिलाय."

राहिला होता खरा. मी वडगावच्या विणकराची लेक, बारीक कामात माझं चुकत नाही अशा तोऱ्यात वावरणारी! मुकाट्याने गेले, रेंच लावला, रेघ ओढली. तो शेजारी हसू दाबत उभा... मला असा राग आला म्हणता! आणि घरी जाताना बसमध्ये तेच हसू आठवत बसले.

पुढच्या हातावर मी मुद्दाम एक रेघ सोडली. बोल्ट आवळला होता हं, कामाशी बेइमानी नाही केली. त्याने हाक मारली. मग हे असंच चालू राहिलं. तेवढ्या दोन मिनिटांत आम्ही त्याच्या घरच्या तंबाखूच्या शेतापासून आमच्या मागावरच्या साडीपर्यंत सगळं बोलायचो. बोलायचं तेवढं सोडून.

मग त्याची वर्षभरासाठी चेन्नईला बदली झाली, सोमवारी निघणार होता. मला ते कळलं शेजारी काम करणाऱ्या माधवीकडून. घरी मागाचा खडखडाट चालला होता, रविवारी खासबागचं स्थळ येणार म्हणून आई सांगत होती, आणि मला फक्त तो हवा होता.

शनिवारी मी रागाने एकूण एक बोल्टवर रेघ ओढली. आता मार हाक, म्हटलं.

सुटीचा भोंगा झाला आणि हाक आलीच. "एक राहिलाय."

मी खांदा बघितला, कोपर बघितलं, मनगट बघितलं. "कंचा? सगळ्यास्नी रेघ हाय की."

"हाय..." तो रोबोकडे बघतच नव्हता. "तुला बोलवायला मला दुसरं काय येतंय गं?"

माझे डोळे भरून आले. "उद्या मला बघायला येणार हाईत," मी म्हणाले. "काय बोलायचं आसलं तर आजच बोल."

त्याने खिशातून फोन काढून घरी लावला.

"आई, मला एक मुलगी आवडलीया."

पलीकडून काहीतरी विचारणं झालं, आणि त्याने फोन माझ्यापुढे धरला. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, उद्याच्या पाहुण्यांचंही सांगून टाकलं.

"ह्यो तर वरीसभर न्हाय," त्याची आई म्हणाली. "थांबशील?"

मी पद्मराजकडे बघितलं. तो हातभर अंतरावर उभा होता, आणि मला त्याची आत्ताच आठवण यायला लागली होती.

"थांबते," मी म्हणाले. "पाव्हण्यास्नी आजच नको म्हणून सांगते."