सुटा धागा

इमोमदाद काकांनी गळांची पेटी पुढ्यात ठेवली, पण झाकणावरचा हात काही उचलला नाही.

"सावसन, मासे हवेत तर माझ्याकडचे ने. डोंगराची सावली पाण्यावर उतरली की तिथं कुणी थांबत नाही, ठाऊक आहे ना?"

"मासे नकोत, काका. गळाला बांधायचं सगळ्यात जड शिसं द्या."

म्हाताऱ्यानं पेटी उघडून दिलं. तिचा नवरा दवलतशो उन्हाळा सरता सरता त्या तळ्याच्या खडकावरून घसरला होता. कपारीत अडकलेला गळ सोडवायला वाकला आणि गेला. पाणी इतकं थंड की बुडालेला माणूस वर येत नाही. पुरायला काही नाही, म्हणून सासूला मृताचा दिवाही लावता येत नव्हता. रोज ती तो दिवा पुसायची आणि परत फळीवर ठेवायची. सावसनला ते बघवत नव्हतं. टोपी मिळो, मोजा मिळो, त्याचं पुरण्याजोगं काहीतरी घेऊनच परतायचं, असं तिनं ठरवलं होतं.

खडकावर बसून तिनं खाली पाहिलं. तळ नाही, पण खोलवर छपरं दिसत होती. पणजोबांच्या काळात डोंगर कोसळून नदी अडली आणि अख्खं गाव माणसांसकट पाण्याखाली गेलं. छपरांतली धुराडी अजून उघडी होती. तिनं दोरी फेकली, शिसं बुडू दिलं आणि हळूहळू ओढू लागली. दोनदा ट्राउट मासे लागले. तिनं ते वैतागून परत पाण्यात टाकले.

सावली उतरली. पाणी काळं झालं. सावसन उठली नाही. बोटं बधिर झाली तरी ती फेकत होती, ओढत होती, आणि मनातल्या मनात नवऱ्याला शिव्या घालत होती. मग दोरी जड झाली.

गळाला मोजा होता. तांबड्या लोकरीचा, तिनंच विणलेला. तिनं तो छातीशी धरला आणि दचकली. मोजा गरम होता. त्याला गोवऱ्यांच्या धुराचा वास येत होता.

आणि त्याच्या काठाला गाठ होती.

घरचा माणूस बाहेर निघाला की त्याच्या मोज्याचा शेवटचा धागा बायका सुटा ठेवतात. तो परत उंबरठा ओलांडतो, तेव्हा घरची बाई गाठ मारते. त्या दिवशी सावसननं धागा सुटाच ठेवला होता. ही गाठ बारीक, नेटकी होती. तिच्या हातची नव्हती.

भीतीच्या आधी तिला राग आला.

"कोण गं तू?" ती पाण्याकडे बघत पुटपुटली. "माझ्या माणसाला घरी घेणारी..."

तिनं दातांनी गाठ सोडवली. वारा नसताना पाणी खडकाला चाटून गेलं.

घरच्या वाटेवर मागून पावलं वाजू लागली. एक अनवाणी, ओलं. दुसरं मऊ, मोज्यातलं. सावसननं मागं वळून पाहिलं नाही.

"चालत राहा..." ती म्हणाली. "चुलीवर चहा आहे. आईनं मीठ, लोणी घालून ठेवलाय..."

सासू कंदील घेऊन दारात उभी होती.

"काही मिळालं का, पोरी?"

"आई, बाजूला व्हा. तो येतोय."

म्हातारीनं सुनेच्या हातातला मोजा पाहिला आणि भिंतीला टेकली. सावसन आत जाऊन वळली, धागा बोटाला गुंडाळून उभी राहिली. दारात कुणीच दिसलं नाही. मात्र उंबरठ्याच्या दगडावर एक ओलं पाऊल उमटलं, मग त्याच्या पुढं लोकरीच्या विणीचं दुसरं. सावसनला रडू फुटलं. तिनं करकचून गाठ मारली.

"आलास..." ती म्हणाली.

सासूनं कंदील खाली धरला. तिनं जमीन निरखली.

"पोरी..." तिनं सुनेची बाही धरली. "तू कुणाकुणाला आत घेतलंस?"

दवलतशोची पावलं दाराशीच थांबली होती. त्यांच्या बाजूनं आणखी पावलं आत आली होती, ओली, लहान, बाईची. ती सरळ चुलीकडे गेली होती.