खांबावर कोण ओरडलं?

हसायचं त्याने खुशाल हसावं. हे जिथे घडलं त्याच गल्लीत मी राहते आणि घडलंय माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत.

माझा धाकटा भाऊ विजेच्या सबस्टेशनवर ऑपरेटर. त्या रात्री आमच्या गल्लीची तार तुटली होती. लाईन बंद करून स्विचला कुलूप घातलं, असं तो सांगतो. वायरमन खांबावर चढला. त्याला सगळे लंबू म्हणायचे.

गल्लीत मिट्ट काळोख.

आणि खांबाच्या वर, आभाळात... पांढरा उजेड उभा राहिला.

आवाज नाही. हलणं नाही.

धप्प झालं. लंबू खाली पडला होता. जागीच गेला.

मग कुणीतरी ओरडलं, "लाईट आली!"

लंबूच्या मरणाची चौकशी करायला वीज कंपनीचे साहेब आले. प्रत्येकाला एकच प्रश्न. "त्या वेळी लाईट आली होती?"

"आली होती की!" अख्खी गल्ली म्हणाली.

लोक आभाळातल्या लाईटीबद्दल बोलत होते. साहेबांनी तारेतली लिहून घेतली.

म्हणजे माझ्या भावाने लाईन चालू करून माणूस मारला. नोकरी तर जाणारच, वर तुरुंग. आमच्या दारावर दगड पडले. लंबूची बायको तोंडावर म्हणाली, "अक्का, तुझा भाऊ खुनी आहे."

मी साहेबांना गाठलं. "'लाईट आली' असं ओरडलं कोण, तेवढं विचारा. कुठली लाईट, ते तोच सांगेल."

"आजी, आता तुम्ही मला चौकशी शिकवणार?" साहेब खेकसले. पण विचारलं.

इस्त्रीवाला म्हणाला, "आवाज वरून आला."

शेजारीणही म्हणाली, "वरूनच."

लंबूची बायको पुढे आली.

"आवाज ह्यांचाच होता..." ती म्हणाली. "हे माझ्या पायाशी पडलेले. आणि वरून हेच ओरडले."

कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर साहेबांनी स्वतः लाईन बंद करवली. कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात. खांबाखाली उभे राहिले.

उजेड आला...

लांब काठीने तारेला टेस्टर लावला. करंट नव्हता. खांबावर कुणी नव्हतं. तरी वर पक्कड वाजत होती. कट्... कट्...

साहेबांनी तिथेच भावाला निर्दोष ठरवलं आणि ते गाडीत जाऊन बसले. काच वर केली. पुन्हा आले नाहीत.

भाऊ कामावर परत गेला.

पण आता मध्येच सबस्टेशनचा फोन वाजतो. "लाईन बंद कर. वर चढलोय."

कोण, हे भाऊ विचारत नाही. मुकाट्याने बंद करतो. गल्ली अंधारात बसून त्याच्या नावाने बोटं मोडते.

परवा सबस्टेशनवर त्याला डबा द्यायला गेले तेव्हा मी चिडून म्हणाले, "अरे, एकदा नको ना करूस बंद. काय होतंय ते तरी बघू."

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

"एकदा नव्हती केली, अक्का. त्या रात्री."

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. मी काही विचारणार...

तेवढ्यात फोन वाजला.